तीन किंवा अधिक

तीनप्लस सरांना तीनच्या पुढे मोजता येत होतं, पण आवडत नव्हतं. महामार्गावरच्या सर्वेक्षणात त्यांनी गाड्यांचे गट पाडले होते: एक माणूस, दोन माणसं, तीन किंवा अधिक. आम्ही कडेला उभं राहून गाड्यांत डोकावायचं, तक्त्यावर खुणा करायच्या. त्यावरून नाशिकबाहेरच्या त्या चौफुलीवर किती लोक येतात याचा अंदाज निघणार होता. मग ठरणार, तिथे गाड्यांसाठी नुसता उड्डाणपूल बांधायचा, की पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी रस्ताही.

सर स्वतः गार गाडीत बसून देखरेख करायचे. एकदा त्यांचीच गाडी मी ‘दोन’मध्ये धरली. त्यांनी ती ‘एक’मध्ये टाकली. म्हणाले, “ड्रायव्हर गाडीबरोबर येतो गं.” स्टिअरिंगवर बसलेल्या बाळूकाकांनी काच पुसायला घेतली.

माणूस मात्र प्रेमळ. रविवारी आम्हा सगळ्यांना त्याच गाडीत कोंबून मिसळ खायला न्यायचे आणि मागे वळून दटावायचे, “सरका जरा, माणसं बसायची आहेत.”

द्राक्षांच्या हंगामात सुरगाण्याच्या जीपगाड्या मजूर घेऊन यायच्या. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर माणसं. सगळी चौफुलीवर उतरून महामार्ग ओलांडायची आणि पलीकडच्या बागांत कामाला जायची. एका जीपवाल्यानं विचारलं, “काय मोजता, ताई?”

“माणसं.”

“मंग टपावरची बी धरा. ती बी घरून भाकर बांधूनच निघाल्यात.”

मी सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “टपावर बसणं बेकायदेशीर आहे. ती मोजली तर आपणच मान्यता दिल्यासारखं होईल.”

“आणि लटकलेली?”

“तीन किंवा अधिक. तीनच्या पुढे सगळी गर्दीच.”

त्या गटाची सरासरी त्यांनी मोटारींवरून काढली होती: साडेतीन. एवढी भरलेली जीप त्यांच्या हिशेबात साडेतीन माणसांची झाली. ज्यांचा घाम हवा असतो त्यांची संख्या नको असते, असं मी त्यांना तोंडावर ऐकवलं. ते हसले. “तू पत्रकासारखं बोलतेस. चहा घे.”

अहवाल मंजूर झाला. चौफुलीवर पायी चालणारे नगण्य ठरले, भुयारी रस्ता आराखड्यातून गेला. माझ्या शेवटच्या दिवशी सरांनी शिफारसपत्र दिलं, त्यात माझ्या सचोटीचं कौतुक होतं. मी विचारलं, “सर, ती माणसं आता रस्ता कुठून ओलांडणार?”

त्यांनी खरंच विचार केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आता ओलांडतात तशीच,” ते म्हणाले. “त्यांना सवय आहे.”

पूल झाला. नाशिकची मंडळी वरून सुसाट जातात. परवा सकाळी मी खाली उभी होते. जीप थांबली, माणसं दुभाजकापाशी आली. आधी दोघं पलीकडे उतरली. मग त्यांच्या हातात पोरं दिली, मग डबे. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून एक म्हातारी दुभाजकावर चढली आणि येणाऱ्या ट्रककडे बघत तिथेच थांबली.