जेटर तिसराच

सुलेखा बोकारेबद्दल लिहायचं म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं, त्यामुळे हे काही शांतपणे, तोलूनमापून लिहिलं जाणार नाही. तसं हवं असेल त्यांनी राजीवकडे जावं. राजीव म्हणजे सुलेखाचा नवरा. तो सगळं तोलूनमापूनच बोलतो.

सुलेखा २००१च्या जुलैत नागपूरहून अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेला आली आणि माझ्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहू लागली. नागपूरच्या एका कॉलेजात सहा वर्षं संख्याशास्त्र शिकवलेली बाई. राजीव इथे सॉफ्टवेअरमध्ये, एच-वन व्हिसावर, त्यामुळे हिच्या वाट्याला एच-फोर आला. एच-फोर म्हणजे नवऱ्यामागून येणाऱ्या बायकोचा व्हिसा. देशात राहा, स्वयंपाक करा, कपडे धुवा, फक्त नोकरी करू नका. मी त्याच व्हिसावर तिच्या दोन वर्षं आधी आले होते. मी विणकाम केलं, कुंड्या लावल्या, मग नुसतीच चिडचिड करत बसले. सुलेखाने टीव्ही लावला आणि तिला बेसबॉल सापडला.

सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ते सगळं घडलं. त्यानंतर राजीवने तिला बजावलं की एकटी बाहेर पडू नकोस, लोक आपल्याकडे कसे बघतात सांगता येत नाही. मग ती घरात बसून मॅचेस बघायची. खेळ आठवडाभर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. न्यूयॉर्कची टीम यँकीज, ती नोव्हेंबरात अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या डावात हरली. दुसऱ्या दिवशी ही माझ्याकडे आली ती हातात वही घेऊन. प्रत्येक बॅट्समनच्या पुढे कितव्या चेंडूवर काय झालं ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण चार महिन्यांत पहिल्यांदा त्या बाईच्या चेहऱ्यावर मास्तरीणबाईचा भाव दिसला, तो मला कळला.

तर झालं होतं असं की १९९६ ते २००० या पाच वर्षांत यँकीजनी चार वेळा अजिंक्यपद मिळवलं होतं. त्या वर्षांना इथे डायनॅस्टी म्हणतात, म्हणजे राजघराण्याची सत्ताच. आमची सुलेखा पोचली ती नेमकी ती सत्ता संपताना. मग जे हुकलं ते तिने मागे जाऊन गाठायचं ठरवलं. गाडी चालवता येत नव्हती, तर चाळीस मिनिटं चालत लायब्ररीत जायची आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म मशीनवर लावून एकेका सामन्याचा तक्ता उतरवून घ्यायची. आठशेहून जास्त सामने. थंडीत, पायात राजीवचे बूट घालून. चार वर्षं लागली तिला. कॉम्प्लेक्समधल्या बायका हसायच्या. हसणाऱ्यांत काही दिवस मीही होते.

त्या डायनॅस्टीतला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा इथल्या पुरुषांचा लाडका वाद. उत्तर ठरलेलं असायचं, डेरेक जेटर. देखणा, तरुण, मोक्याच्या वेळी चमकणारा. सुलेखाचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, लोकांना जे दिसतं तेच मोजतात. पिचरने चार वाईट चेंडू टाकले आणि बॅट्समनने एकालाही बॅट लावली नाही, तर त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. वॉकला कोणी टाळ्या वाजवत नाही, पण माणूस बेसवर पोचलेला असतो. तसा मोजला तर त्या पाच वर्षांत बर्नी विल्यम्स जेटरपेक्षा जास्त प्रमाणात बेसवर पोचला होता. आणि सामन्याचा शेवट करणारा पिचर रिव्हेरा, तो तिच्या यादीत सगळ्यांच्या वर. पहिला रिव्हेरा, दुसरा विल्यम्स, तिसरा जेटर. खाली आणखी बावीस नावं आणि प्रत्येकापुढे कारण.

एकदा उन्हाळ्यात आमच्याकडे बार्बेक्यू होता. पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे जेटरची आरती ओवाळत होती. सुलेखा कोशिंबिरीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली, जेटर तिसरा. राजारामकाका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, पंचवीस वर्षं अमेरिकेत काढलेले. ते हसून म्हणाले की वहिनींना तो दिसायला आवडत नसावा. सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुलेखाने मात्र भांडं खाली ठेवलं आणि पाऊण तास उभ्याने त्या सगळ्यांना समजावून सांगितलं. शेवटी काका वही मागून घेऊन वाचत बसले. राजीव तेवढा वेळ कणसं भाजत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही.

२००८ साल उजाडलं. त्या मोसमानंतर यँकीजचं जुनं स्टेडियम बंद होणार होतं, म्हणून लायब्ररीने एक छोटं प्रदर्शन ठरवलं. तिथल्या मिसेस डॉनली सुलेखाला इतकी वर्षं फिल्मच्या डब्या काढून देत होत्या. त्यांनी एप्रिलमध्ये विचारलं, तुझी यादी आम्ही भिंतीवर लावू का, वार्तापत्रात छापू का. पैसेबिसे काही नाहीत, फक्त नाव. सुलेखा धावत घरी आली. आल्या आल्या तिने मला खालूनच हाक मारली, इतकी ती खूश होती.

राजीवने मोडता घातला. त्यांच्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा अडकून पडलेली. तो म्हणाला की नाव छापून आलं तर व्हिसावाले ते काम धरतील, आणि एच-फोरवर काम केलं असं कोणी एकदा म्हटलं की सात वर्षांवर पाणी. हे आज वाचताना वेडेपणा वाटेल. पण आमच्यात तेव्हा हे वेड घरोघरी होतं. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एकीने रांगोळी स्पर्धेतलं पहिलं बक्षीस परत केलं होतं. दुसरी शेजारच्या मुलींना रामरक्षा शिकवायची ती पडदे ओढून. कायदा कोणी वाचला नव्हता, भीती मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती.

सुलेखा माझ्याकडे आली. तिला वाटलं मी तरी म्हणेन, घाल तुझं नाव. मी काय म्हणाले ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्यांवर चिडायचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "अगं, राजीवचं नाव दे ना. काय फरक पडतो? कोणी केलंय ते आपल्याला माहितीय. उगाच रिस्क कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिने मिसेस डॉनलींना जाऊन सांगितलं की यादी माझ्या नवऱ्याची आहे, मी नुसती त्याच्यासाठी कागद उतरवायला येत होते. त्या बाईने म्हणे हिच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग लिहून घेतलं. मे महिन्यात यादी भिंतीवर लागली. वर ठळक अक्षरात राजीव बोकारे.

आता राजीवचं ऐका. सात वर्षं तो त्या ऑफिसात होता आणि सात वर्षं कोणी त्याला जेवायला बरोबर बोलावलं नव्हतं. वार्तापत्राचं पान कोणीतरी तिथे चिकटवलं आणि साहेब एकदम माणसात आले. लोक त्याच्या टेबलाशी थांबायला लागले. त्याने यँकीजची टोपी घेतली. संध्याकाळी घरी येऊन तो सुलेखाला विचारायचा की विल्यम्स दुसरा का, चार ओळींत सांग, उद्या कोणीतरी विचारणार आहे. ती सांगायची. मला हे कळलं तेव्हा त्या टोपीला काडी लावावीशी वाटली.

तरी इथपर्यंत सुलेखा गप्प होती. जूनमध्ये ती सहज लायब्ररीत गेली तर भिंतीवर नवा कागद. पहिला जेटर, दुसरा रिव्हेरा, तिसरा विल्यम्स. राजीवच्या मॅनेजरला जेटरचं भारी वेड. त्याने थट्टेत म्हटलं की ही यादी चुकलीय, आणि राजीवने मिसेस डॉनलींना सुधारित यादी पाठवून दिली. सुलेखा तिथून थेट लाँड्रीत आली, मी कपडे वाळवत होते.

"नाव घेतलं तेव्हा मी काही बोलले नाही अस्मिता," ती म्हणाली. "पण आता त्याने लिस्टच खोटी केली."

राजीवला तिने विचारलं, तर तो म्हणाला की एवढं काय, तिघेही ग्रेटच आहेत, एक-दोन नंबर इकडेतिकडे. माणूस किती सहज बोलतो. तिने परत बदलायला सांगितलं, त्याने टाळलं. सप्टेंबरात लायब्ररीत प्रदर्शनाचा समारोप होता, राजीवचं भाषण होतं आणि मॅनेजर सहकुटुंब येणार होता.

शनिवारी दुपारी चाळीसेक लोक जमले. बरेचसे म्हातारे अमेरिकन, काहींच्या हातात जुनी तिकिटं. राजीव बरा बोलला. बोलणारच, रात्रंदिवस पाठ केलं होतं आणि पाठ करून घेणारी तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. जेटर पहिला असं तो म्हणाला तेव्हा मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. मग मिसेस डॉनली प्रश्न विचारा म्हणाल्या आणि सुलेखाने हात वर केला. ती उठली तेव्हा मी तिची पर्स धरली.

तिने इंग्रजीत विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं. "मे महिन्यात याच यादीत जेटर तिसरा होता. जूनमध्ये पहिला झाला. यादी १९९६ ते २००० या वर्षांची आहे. मे आणि जूनच्या मध्ये त्या वर्षांत काय बदललं?"

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. राजीव म्हणाला की अनेक पैलू असतात, नेतृत्व असतं, मग तो पाणी प्यायला. एक म्हातारा मागे वळून तिला म्हणाला की प्रश्न चांगला आहे, पण तुझं उत्तर काय. आणि ती उत्तर द्यायला लागली. कागद नव्हता हातात. वर्ष, सामना, आकडा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. राजीव माइकसमोर तसाच उभा. शेवटी म्हाताऱ्याने विचारलं की हे तुला कसं माहीत.

"कारण यादी मी केलीय," ती म्हणाली. "माझं नाव सुलेखा बोकारे."

मिसेस डॉनली उठल्या, भिंतीवरच्या कागदावरचं नाव त्यांनी पेनाने खोडलं आणि स्पेलिंग विचारून नवं लिहिलं. मग जेटरसमोर तीनचा आकडा घातला. मॅनेजर बायकोला घेऊन निघून गेला.

राजीव आम्हाला जवळजवळ ओढतच पार्किंगमध्ये घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाळीस लोकांसमोर नाव सांगितलंस, उद्या कोणी रिपोर्ट केलं तर, ग्रीन कार्ड गेलं तर, असं तो एकामागून एक बोलत सुटला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, सोमवारी कंपनीच्या वकिलाला फोन कर आणि एकदाचं विचार. यावर तो थांबला. गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. सुलेखाला वर्गातल्या पोराचं खोटं लांबून ओळखू येत असणार, कारण तिने लगेच विचारलं.

"विचारलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. तू सांगितलंस त्याच आठवड्यात." आणि मग खाली बघून, "तो म्हणाला, पैसे घेत नाही ना, मग नाव घालायला काहीच हरकत नाही."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. भर पार्किंगमध्ये, मराठीत, मोठ्याने. पाच महिने या माणसाला माहीत होतं. पाच महिने तो रोज संध्याकाळी तिला घाबरवत होता आणि तिच्याचकडून धडे घेत होता. तो म्हणत राहिला की मला आधी सांगायचंच होतं, पण लोक बोलायला लागले होते माझ्याशी, पहिल्यांदाच. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही, आजही येत नाही.

सुलेखाने माझ्या हातातून तिची पर्स घेतली.

"त्याने निदान वकिलाला विचारलं तरी," ती मला म्हणाली. "तू तर न विचारताच सांगितलंस, त्याचं नाव घाल म्हणून."

दाराशी तो म्हातारा आपली जुनी तिकिटं हातात धरून तिची वाट बघत होता. ती त्याच्याकडे निघाली. मी आणि राजीव गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो.