मालनबाईंचं पाहुण्यांचं नेट

मालनबाईंनी वाळूजच्या कारखान्यात बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. तिथली एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. वस्तू हातात आली की आधी उलटी करायची आणि बुडावरचं स्टिकर वाचायचं, मग तो मिक्सर असो की लोणच्याची बरणी.

मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत पहिलं वायफाय त्यांच्याच घरी आलं. कोरोनात शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा दारात येईल त्याला त्यांनी पासवर्ड सांगितला, शेजारणीला विरजण द्यावं इतक्या सहज. शाळा पुन्हा उघडल्या, पासवर्ड मात्र गल्लीतच राहिला.

आता त्यांची सून दीपमाला घरूनच एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायची. फोन नेटवरून यायचे आणि नेट ऐन बोलण्यात अडखळायचं. शुक्रवारी साहेबांनी तिला बजावलं, सोमवारपासून कॉल तुटला तर दुसरी मुलगी बघू. त्या दिवशी दीपमाला जेवली नाही.

मुलगा राजकुमार म्हणाला, पासवर्ड बदलू आणि कुणालाच देऊ नको.

"दिलेलं विरजण माघारी मागत नसतेत," मालनबाई म्हणाल्या.

"मग हिची नोकरी जाऊ द्यायची का, माय?"

"तसं कुठं म्हनले मी?"

शनिवारी सकाळी चष्मा लावून त्यांनी राउटर उलटा केला. स्टिकरवर आकड्यांचा एक पत्ता होता. तो दीपमालाच्या लॅपटॉपवर टाकला, तर राउटरचं पान उघडलं. आत जायचं नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिनच. बसवणाऱ्यानं तो कधी बदललाच नव्हता. म्हणजे गल्लीतलं कुणीही आत शिरून सगळं उलटंपालटं करू शकलं असतं. मालनबाईंनी आधी तेच कुलूप बदललं.

जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. एकूण एकोणीस, त्यातली घरची चार. समोरच्या सर्जेरावांचा टीव्ही तर त्यांच्या नावासकट बसलेला. सासू-सून दोघीही हसल्या.

खाली 'गेस्ट' असा एक खाना होता. म्हणजे काय, त्यांनी विचारलं. पाहुण्यांसाठी वेगळं नेट, दीपमालानं सांगितलं. मग वायफायचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड मालनबाईंनी पाहुण्यांच्या नेटला दिला आणि त्याचा वेग बेताचा ठेवला. घरच्या नेटला नवं नाव, लांबलचक नवा पासवर्ड. सुरक्षेचा प्रकार सगळ्यात नवा निवडला, पण राजकुमारचा जुना फोन जुळेना. तेव्हा नवा आणि त्याच्या आधीचा असे दोन्ही चालतील असं ठेवलं. गल्लीत कुणाला काही सांगावं लागलं नाही, नाही म्हणावंही लागलं नाही.

रविवारी सर्जेराव दारात आले.

"काकू, नेट लई हळू झालंय."

"चालतंय ना पण?"

"व्हय, चालतंय."

"मग पाहुण्यानं पंगतीत बसावं, चुलीपाशी येऊ नाय."

सर्जेराव काय समजायचं ते समजले आणि चहा पिऊन गेले.

सोमवारी दीपमालानं सकाळपासून एकवीस कॉल घेतले. एकही तुटला नाही. दुपारी ती बाहेर आली, स्वतःच ताट वाढून घेतलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. मालनबाईंनी न विचारताच तिसरी वाढली.