पहिल्यापासून

दुपारच्या शांततेत मांडणीतली एक ताटली आपसूक सरकते आणि खण्ण करते.

कांचन दचकत नाही. घासून पालथी घातलेली भांडी निथळता निथळता अशी जागा सोडतातच. तरी ती एकदा चैतूकडे बघते. चार वर्षांची चैत्राली बालवाडीच्या फ्रॉकातच सतरंजीवर आडवी झाली आहे, एक हात डोक्यावर, तोंड किंचित उघडं. ताटलीनं काही ती उठली नाही. म्हणजे अजून तासभर तरी कांचनचा, एकटीचा.

एरवी हा तास कसा जातो ते कळत नाही. कुणाच्या ब्लाउजला हुक लाव, वाटाणे सोल, नाहीतर नुसतीच खिडकीत बस. आज मात्र खोलीच्या मधोमध तिच्या नवऱ्याचं, रोहिदासचं हार्नेस पडलं आहे, उडताना अंगाला बांधायच्या पट्ट्यांचं.

दोन वर्षं ते निळ्या पिशवीत, माळ्यावर होतं. आज चार वाजता खानविलकर सर येऊन घेऊन जाणार. पठाराखाली त्यांची उडायला शिकवण्याची शाळा आहे. रोहिदास त्यांच्याच हाताखाली तयार झाला. परवा फोनवर ते म्हणाले, "कांचन, अपघातातलं सामान असं घरात ठेवू नये गं बाळ. उद्या कुणाच्या हाती लागलं आणि कुणी बांधून उडालं, तर? मी ते कापून टाकतो. आमच्यात तसंच करतात."

"न्या सर," ती म्हणाली. म्हणताना काही वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र दोन दिवस तिनं माळ्याकडे मान वर केली नाही.

रोहिदास पॅरामोटर उडवायचा. पाठीवर इंजिन आणि त्याचा हा एवढा मोठा पंखा, डोक्यावर रंगीत कापडाची विंग, दहापंधरा पावलं धावायचं की पाय जमिनीवरून सुटलेच. गावात त्याला सगळे पंखेवालाच म्हणत. पण धाडसी वगैरे म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. रोज सकाळी पंख्याच्या पात्याच्या कडेवरून तो नख फिरवायचा, कुठे बारीक खोच पडली आहे का ते बघायला. पेट्रोल गाळल्याशिवाय टाकीत जायचं नाही. विंग दिसायला कितीही धडधाकट असो, वर्षातून एकदा ती तपासणीला जायचीच. परवानगीचे कागद प्लास्टिकमध्ये, पिशवीच्या आतल्या कप्प्यात. मैदानाच्या कडेचं गवत जरा जास्त लवलं की गाशा गुंडाळून घरी. दोस्त चिडवायचे, "अरे पंखेवाल्या, तू उडतोस कमी आणि बघतोस जास्त!"

"म्हणून तर उद्या परत येतो," तो म्हणायचा.

आणि उडायच्या आधी त्याचं ते म्हणणं. एकेका गोष्टीला हात लावून, मोठ्यानं. हेल्मेट. छाती. डावी मांडी. उजवी मांडी. कड्या. दोऱ्या. पंखा. वारा. आकाश. यात मध्ये कुणी बोललं, अगदी फोन जरी वाजला, तरी जिथे थांबला तिथून पुढे जायचं नाही. पहिल्यापासून. सरांनी घालून दिलेला नियम. रोहिदासनं तो अंगात भिनवून घेतला होता. कांचन हसायची. "तुमचा जप झाला की हाक मारा, तोवर मी भाकऱ्या थापून येते."

आता चैतूला स्कूटीवर पट्ट्यानं स्वतःशी बांधताना कांचन तसंच मोठ्यानं म्हणते. हेल्मेट, छाती, बक्कल. मध्येच शेजारच्या काकू काही विचारायला आल्या, तर चैतूच बोट नाचवते, "पहिल्यापासून, पहिल्यापासून!"

त्या दिवशी पौषातली थंड, स्वच्छ सकाळ होती. कांचन दोन वर्षांच्या चैतूला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. रोहिदासचा हात डाव्या मांडीच्या पट्ट्यावर होता. ती चैतूच्या कानात म्हणाली, "बाबांना हाक मार." चैतूनं सगळा जीव गोळा करून हाक मारली, "बाबा!" तो वळला, हसला, हात वर केला. तेवढ्यात चैतूच्या पायातला बूट खाली पडला. कांचन वाकली, बूट झटकला, पायात घातला. मान वर केली तेव्हा तो म्हणत होता, "वारा. आकाश."

मधलं तिनं पाहिलं नाही.

तो उडून टेकडीमागे वळल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज थांबला. हरभऱ्यात काम करणारी माणसं धावली. त्यांनी त्याला मोकळं करायला हाताला लागेल तो पट्टा सोडला. "काय लावलेलं होतं, काय नव्हतं, कुणाला ध्यान होतं वहिनी?" सरांनी इंजिन बघितलं, दोऱ्या बघितल्या. टेकडीआड वारं फिरलं असेल, म्हणाले. त्या 'असेल'ला धरून कांचन दोन वर्षं जगते आहे. ती हाक तिनंच मारायला लावली, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. मांडीचे पट्टे लावायचे राहिले तर माणूस उडतो, पण हार्नेसमध्ये बसत नाही. नुसता काखांवर लटकतो. हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. आता आहे.

हार्नेसच्या मांडीचे दोन्ही पट्टे सुटे पडले आहेत, त्या माणसांनी टाकले तसे. कांचन त्यांना हात लावत नाही. चैतूला लागून ती फरशीवर आडवी होते. डोळ्यांसमोर पट्ट्याचं टोक आहे, थोडं उसवलेलं. ती ते बघत राहते. फरशी गार आहे. गार आणि जराशी ओली.

दवानं ओली आहे. गवत तिच्या पोटऱ्यांना टोचतं आहे आणि हातात चहाचा थर्मास.

रोहिदास पाठमोरा उभा आहे. पाठीवर पंखा.

"आलीस?" तो वळत नाही. "हेल्मेट. छाती."

"कुठे होता इतके दिवस?"

"मध्ये बोललीस." मानेवरून कळतं की तो हसतो आहे. "पहिल्यापासून. हेल्मेट."

कांचनच्या छातीत काहीतरी लख्ख होतं. म्हणजे ती बोलत राहिली, तर हा जाऊच शकत नाही!

"चैतू डाव्या हातानं जेवते. तुमच्यासारखी."

"जेवू दे की. ओरडतेस का तिला?"

"थोडंसं."

"नको ओरडू. हेल्मेट. छाती."

"पाण्याची मोटर बिघडली होती."

"गुरगुरत होती, का गप्पच?"

"गुरगुरत होती, पण फिरत नव्हती."

"कपॅसिटर गेला असेल. हेल्मेट."

ते लग्नाच्या मांडवात आहेत. गुरुजी हातात अक्षता घेऊन ताटकळले आहेत. तिचा पदर आणि त्याचा शेला यांची गाठ तो दोनदा ओढून बघतो आहे. वऱ्हाड हसतं आहे. त्याच्या पाठीवर पंखा आहे, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. "अहो, सुटत नाही ती," कांचन पुटपुटते. "विमानवालेसुद्धा इतकं बघत नसतील."

"बघतात. म्हणून तर तेही उद्या परत येतात," तो म्हणतो. "बघ, परत बोललीस."

तो ओट्याशी उभा आहे. पंख्यानं निम्मं स्वयंपाकघर अडलं आहे, पाती मंद फिरताहेत आणि त्या वाऱ्यानं ताटातली कोथिंबीर थरथरते आहे. ती त्याच्या अगदी जवळ जाते. पेट्रोलचा आणि अंगाच्या साबणाचा वास. त्याच्या कानामागे हेल्मेटचा वळ आहे. तो वळ ती विसरली होती. इतकी कशी विसरली? ती बोट लावते.

"गार आहे गं हात."

"भांडी घासत होते."

"चहा आणलास ना?"

ती थर्मास उघडते. त्यात धरणाचं पाणी आहे, सकाळचं, निळसर. तो ते चहासारखं फुंकून पितो. आता ते पाण्यावरच उभे आहेत, पावलं भिजत नाहीत, आणि खाली खोल कुठेतरी हरभऱ्याचं शेत हिरवंगार हलतं आहे.

"छाती," तो म्हणतो. "डावी मांडी."

इतका वेळ तिनं त्याला इथवर येऊच दिलेलं नव्हतं. विचारायचं असेल तर आताच.

"त्या दिवशी चैतूनं हाक मारली. त्यानंतर तुम्ही पहिल्यापासून केलंत का हो?"

तो तिच्याकडे बघतो. पहिल्यांदाच नीट, समोरून. डोळ्यांत राग नाही, काही दडवल्यासारखंही नाही.

"मध्ये बोललीस," तो मायेनं म्हणतो. "हेल्मेट."

"असं नका ना करू. एवढं एकच सांगा."

"हेल्मेट."

"मी वाकले होते हो. बूट पडला होता तिचा. मला दिसलं नाही."

"हेल्मेट, कांचन."

तिला कळतं. ती विचारत राहिली तर तो असाच हेल्मेटपाशी अडून राहील, आणि गप्प बसली तर आकाशापाशी पोचेल. दोन्हीकडून उत्तर नाहीच. तरी अजून थोडं, तिला वाटतं, अजून थोडं. ती त्याला गल्लीतल्या नव्या दिव्याचं सांगते. त्याच्या स्वेटरला कसर लागली ते सांगते. चैतूनं चित्रातल्या कावळ्याच्या पाठीवर पंखा काढला ते सांगते. तो प्रत्येक वेळी हसतो आणि परत हेल्मेटला हात लावतो. त्याचा हात आता जड झाला आहे. दिवसभर तोच उचलतो आहे ना. खांदे वाकले आहेत. त्या पंख्याचं ओझं आहे पाठीवर, आणि ती त्याला खालीही बसू देत नाही.

"दमलात?" ती विचारते.

"जरासा."

"थांबा. मी लावते."

ती गुडघ्यांवर बसते. गुडघ्यांखाली पुन्हा गवत आहे, मैदान आहे, पौषाचं कोवळं ऊन आहे. तो वरून म्हणतो, "हेल्मेट. छाती," आणि ती ओठ घट्ट मिटून ठेवते. "डावी मांडी." ती पट्टा धरते. बक्कल ताठ आहे, अंगठ्यानं नेट लावावा लागतो. टक्. ती दोनदा ओढून बघते, तो गाठ बघायचा तशी. सुटत नाही.

ती उजवा पट्टा हातात घेते.

"बाबा!"

मैदानाच्या कडेवरून हाक येते. सगळा जीव गोळा करून मारलेली. तो वळतो. हसतो. हात वर करतो. गवतात बूट पडल्याचा एवढासा आवाज होतो, आणि कांचनची मान आपोआप तिकडे वळायला लागते.

ती वळू देत नाही. बूट पडू दे. पाय गारठला तर गारठू दे. ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहते. त्याचा हात खाली येतो आहे, ओठ उघडताहेत, आणि पुढचा शब्द कोणता असेल, हेल्मेट की कड्या, हेल्मेट की...

"अहो, पहिल्यापासून!" ती जिवाच्या आकांतानं ओरडते. "पहिल्यापासून करा!"

खण्ण.

मांडणीतली ताटली पुन्हा सरकली आहे. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आहे. कांचन फरशीवर उठून बसलेली आहे. कधी उठली ते तिला आठवत नाही. हार्नेस तिच्या मांडीवर आहे. उजव्या अंगठ्यात बक्कलाच्या दात्याचा खोल ठसा उमटला आहे, कडेनं पांढरा, मध्ये लाल.

डाव्या मांडीचा पट्टा लावलेला आहे. उजवा तिच्या मुठीत आहे, सुटा.

ती डावा पट्टा ओढून बघते. एकदा. दोनदा. सुटत नाही.

सतरंजीवर चैतू जागी होऊन बसली आहे. केस विस्कटलेले, गालावर सतरंजीचे पट्टे. ती आईकडे टक लावून बघते आहे.

"आई, तू केवढ्यानं ओरडलीस!"

"हो का गं? काय ओरडले?"

"पहिल्यापासून, म्हणून. कुणाला ओरडलीस?"

कांचन अंगठा मुठीत लपवते. खोटं बोलायचं तिच्या मनातही येत नाही.

"बाबांना."

चैतूला यात काही वावगं वाटत नाही. ती गुडघ्यांवर रांगत येते, लावलेल्या बक्कलावर बोट फिरवते, मग आईच्या मुठीतल्या सुट्या पट्ट्याकडे बघते. बाहेर फाटकाशी गाडी थांबते. गाडीचं दार उघडून लागतं, आणि खानविलकर सरांच्या चपला पायऱ्या चढायला लागतात.

"मग?" चैतू मान वर करून विचारते. "केलं का बाबांनी?"