गमरे बाईंचे तीन फोन

गमरे बाई कुणाच्या घरी गेल्या की पाण्याआधी बाथरूम मागायच्या. "जरा बाथरूम दाखवता?" असं म्हणून पर्समधून तीन फोन काढायच्या आणि आत जाऊन कडी लावून घ्यायच्या. मग आतून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "एक, दोन, तीन, चार..." दहापर्यंत झालं की दुसरा फोन, पुन्हा एकपासून. मग तिसरा. पहिल्यांदाच हे ऐकणारी घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची. बाई बाहेर येऊन लांबट वहीत पेन्सिलीने तीन खुणा करायच्या आणि मगच म्हणायच्या, "आता चहा चालेल. साखर कमी."

टेलिफोन खात्यात त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. मूळच्या खेडच्या, लग्नानंतर परळला आणि निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर मीरा रोडला. लाइन तपासायची तर हॅलो म्हणायचं नाही, आकडे म्हणायचे, ही त्यांची खात्यातली सवय. "हॅलो अर्धं आलं तरी माणसाला पुरं वाटतं. आकड्याचं तसं नाही. पाच गेला की पाच गेला," असं त्या सांगायच्या. दुसऱ्या टोकाला डोंबिवलीत त्यांची खात्यातलीच एक जुनी मैत्रीण फोन घेऊन बसायची आणि कुठला आकडा गळला ते सांगायची. तीन फोनांत तीन कंपन्यांची कार्डं. कंपन्यांना त्यांनी जावांसारखी नावं दिली होती : थोरली, मधली आणि धाकटी. थोरली म्हणजे माझी. मी तेव्हा स्टेशनजवळ त्या कंपनीच्या दुकानात नोकरीला होतो.

बाईंशी माझी ओळख झाली ती मी त्यांना फसवलं तेव्हा. दुसरा शब्द वापरण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे आधी मधलीचं कार्ड होतं, ते त्यांच्या घरात बरं चालायचं, पण दर महिन्याला भरावं लागायचं आणि महाग पडायचं. आमच्याकडे वर्षाचं एकदम भरण्याची योजना निघाली होती. नेट दुप्पट, वेग जास्त, पैसे कमी. नवरा-बायको दोघंही दुकानात आले. गमरेसाहेब हसरे, कमी बोलणारे. बाईंनी मात्र तिन्ही कंपन्यांच्या दरांचा कागदच करून आणला होता. मी टॅबवर आमचा नकाशा उघडून दाखवला. अख्खा मीरा-भाईंदर एकाच गडद रंगाने माखलेला होता, कुठे ठिपकाभर पांढरं नव्हतं.

"आमचं घर आतल्या बाजूला आहे. तिसरा मजला, समोर दुसरी बिल्डिंग," बाई म्हणाल्या. "घरात मिळेल ना?"

"मॅडम, बाथरूममध्येसुद्धा मिळेल," मी म्हणालो.

गमरेसाहेब हसले. मीही हसलो. तो नकाशा रस्त्यावरून गाडी फिरवून केलेला असतो, भिंतींच्या आत कुणी जात नाही आणि आतल्या बाजूच्या घरांत आमचा फोन लागत नाही, हे मला माहीत होतं. पण महिन्याचं टार्गेट गळ्याशी आलं होतं. दोन्ही नंबर मी त्याच दिवशी आमच्याकडे फिरवून घेतले. घरात फोन लागत नाही अशी तक्रार बाईंनी नंतर दोनदा केली. "सेटिंग बदलून बघा" असं सांगून मी दोन्ही वेळा त्यांची बोळवण केली.

नोव्हेंबरात बाई पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला भाईंदरला बँकेत गेल्या होत्या. घरी गमरेसाहेब आंघोळीला गेले. आंघोळ करताना फोनमध्ये भरून ठेवलेली भीमगीतं लावायची त्यांची सवय, त्यामुळे फोन त्यांच्याजवळच होता. छातीत दुखायला लागलं तसा त्यांनी बायकोला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. शेजारचं दार दिवसा कुलूपबंद असायचं. बाई दुपारी घरी आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

जलदानविधी झाल्यावर चार दिवसांनी बाई दुकानात आल्या. पांढरी साडी, हातात साहेबांचा फोन. त्यांनी तो काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. तोवर मला अहो-जाहो करणाऱ्या बाई त्या दिवशी एकदम अरे-तुरेवर आल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

मी वाचायला लागलो. अकरा वाजून बेचाळीस. अकरा त्रेचाळीस. पुन्हा त्रेचाळीस. बाईंच्या नंबरावर लावलेले अकरा कॉल, शेवटचा बारा वाजून नऊ मिनिटांचा. एकही जोडला गेला नव्हता.

"एकतीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले, परब. कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. वादळात झाडं पडली तरी लाइन मिळवून दिली. आणि माझ्या माणसाचा फोन मला लागला नाही. मला पैसे नकोत. एका कागदावर लिहून दे, की माझ्या घरात तुमचा सिग्नल येत नाही. कंपनीचा शिक्का मार. बास."

मी शिकवलेलं उत्तर दिलं. म्हणालो, तक्रार नोंदवतो. तिसऱ्या दिवशी त्यांना कंपनीचा मेसेज गेला : आपल्या परिसरात सिग्नल उत्तम असून आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. बाईंनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा तोच मेसेज आला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा त्या तक्रार करायला आल्या नाहीत, तीन फोन घेऊन आल्या.

आमच्या दुकानातल्या सोफ्यावर त्या रोज अकरा ते एक बसायला लागल्या. गिऱ्हाईक आत आलं की विचारायच्या, "कुठे राहता?" बिल्डिंगचं नाव कळलं की वही उघडायची. "बी विंग? मग थोरली घेऊ नका. हॉलमध्ये चालेल, बेडरूममध्ये मरेल. मधली घ्या, थोडी महाग आहे पण बोलणं होईल." गिऱ्हाईक हिंदी असलं तर, "भाईसाब, आपके घर में इसका टावर नहीं पकडेगा, मैं खुद बाथरूम में जाके आई हूँ." मी पटवलेलं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत दार ढकलून बाहेर जायचं.

मॅनेजरने त्यांना हाकलायचं ठरवलं, पण पंचाईत अशी की बाई खोटं बोलत नव्हत्या. जिथे थोरली चांगली चालायची तिथे त्या थोरलीच घ्यायला लावायच्या. "ए विंग, पाचवा मजला? मग हीच घ्या. वेग पण हिचाच जास्त, दर पण हिचाच कमी." मला याचं नवल वाटायचं. एकदा न राहवून मी विचारलंच.

"सूड घ्यायचा तर खरं बोलून घ्यावा," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले तर माझ्यात नि तुझ्यात फरक काय राहिला?"

दुपारनंतर त्यांची पायपीट सुरू व्हायची. बिल्डिंगी झाल्या, मग काशीमीऱ्याची गॅरेजं, मग मुर्ध्याचं गावठाण. मुर्ध्याला एका कोळणीने त्यांना सांगितलं, "बाय, खाडीवर धाकटीशिवाय कुनाचा फोन लागत न्हाय. दोगी मोठ्या नुस्त्या मिरवायला." बाईंनी ते तिथे उभं राहून तपासलं आणि मगच लिहिलं. वहीवरून तक्ता तयार झाला. तक्त्याच्या झेरॉक्स पिठाच्या गिरणीत, रिक्षा स्टँडवर, सोसायट्यांच्या फळ्यांवर लागल्या. घराच्या नावापुढे तीन खुणा, दर आणि वेग, इतकंच. जिथे थोरली नापास होती तिथली माणसं भराभरा नंबर फिरवायला लागली. वर्षभरात आमच्या दुकानाची पार रया गेली, आणि बाईंच्या चेहऱ्यावर मात्र तजेला आला. खरं सांगतो, सूड माणसाला मानवतो.

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. त्याने बाईंच्या बिल्डिंगसमोर रस्त्यावर उभं राहून मोजमाप केलं, 'उत्तम' असं लिहिलं आणि निघून गेला. मॅनेजरने 'तक्रारीचे निवारण झाले' असा छापील फॉर्म माझ्या हातात दिला आणि बाईंची सही आणायला पाठवलं.

बाईंनी मला पाणी दिलं. फॉर्म वाचला, चष्मा काढला. "करते सही. आधी एक काम कर. आत जा, कडी लाव आणि मला फोन लाव. मी भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर उभी राहते. अकरा वेळा लाव. दहा नाही."

मी त्या बाथरूममध्ये गेलो. निळी बादली, तांब्या, खिळ्याला टांगलेला साहेबांचा पंचा, जो बाईंनी अजून काढला नव्हता. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फोन लावला. काही नाही. पुन्हा लावला. चौथ्या वेळेपर्यंत मला फॉर्मची काळजी होती. सातव्या वेळी फॉर्म डोक्यातून गेला. बाहेर कुणी नाही, आवाज दिला तरी ऐकणारं कुणी नाही, आणि कोपऱ्यावर ती बाई हातात फोन धरून उभी आहे. अकरा वेळा लावून झालं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर येऊन मी त्याच फॉर्मच्या पाठीवर लिहिलं : 'गमरे यांच्या घरात आमच्या कंपनीचा सिग्नल येत नाही. हे मला कार्ड विकताना माहीत होतं.' खाली सही केली आणि फॉर्मसाठी खिशात आणलेला दुकानाचा शिक्का मारला. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी तक्त्याबरोबर त्याचीही झेरॉक्स सगळीकडे लागली होती. आठवड्याच्या आत माझी नोकरी गेली.

हे सांगायला गेलो तेव्हा बाई तांदूळ निवडत होत्या. "गेली? बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी जावी असं मनात धरूनच होते मी."

घरात बायको, मुलगी, डोक्यावर हप्ते, आणि ही बाई म्हणते बरं झालं. राग आला. पण त्या घरात बसून रागवायचा हक्क मला नव्हता. निघताना विचारलं, "आता तरी माफ केलंत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

पुढे मी छोटं दुकान काढलं. तिन्ही कंपन्यांची कार्डं ठेवतो. आधी पत्ता विचारतो, भिंतीवरच्या बाईंच्या तक्त्यात बघतो, घर तक्त्यात नसेल तर तीन फोन घेऊन स्वतः जातो. थोरलीचे लोक येऊन नकाशा लावा म्हणतात, तेव्हा मी त्यांना माझ्या सहीच्या त्या कागदाची झेरॉक्स दाखवतो. त्यांची तोंडं बघायला मजा येते. बाई दर रविवारी सकाळी नऊला मला फोन करायच्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. एक ते दहा आकडे म्हणायच्या आणि ठेवायच्या. मी उचलतो का, एवढंच त्यांना बघायचं असावं.

गेल्या श्रावणात एका रविवारी फोन आला नाही. साडेनऊला मी लावला. मधलीचं कार्ड, रिंग पूर्ण वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा लावायच्या भानगडीत मी पडलो नाही, शटर ओढलं आणि धावत गेलो. दार उघडं होतं, शेजारी जमले होते. बाई झोपेतच गेल्या होत्या. पनवेलहून त्यांची मुलगी नुकतीच पोचली होती.

दुपारी सगळं उरकून आम्ही परत आलो. मी हॉलमध्ये कोपऱ्यात उभा होतो. मुलगी आईचा फोन घेऊन नातेवाइकांना एकेक करून कळवत होती. मध्येच ती थांबली.

"हे कोण असेल? आईने नावसुद्धा विचित्र ठेवलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "'बाथरूममध्येसुद्धा'. दर रविवारी यांना फोन केलेला दिसतोय. कळवायला हवं."

तिने नंबर लावला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला आणि हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.