यानात झाडू कोण मारतं?

ललिता केडगाव स्टेशनवर तिकिटं देते आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत विज्ञान कादंबऱ्या वाचते. माझं स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक कादंबरीची चिरफाड आधी माझ्या कानावर पडते.

"दोन शास्त्रज्ञ एकमेकांना काय सांगत्यात, तर दोघांनाबी ठावं असलेलं," ती म्हणते. "मी आन् मास्तर असं बोलतो का, की हे तिकीट हाय, हे घेऊन गाडीत बसत्यात?" इंजिनाला चार पानं आणि माणूस मेला तर अर्धी ओळ, याचाही तिला राग. "आन् माणूस मंगळावर गेला तरी आडनावं त्याच चार गल्ल्यांतली. मग यानात झाडू कोण मारतं? लेखकानं सांगावं की!" तरी नवी कादंबरी आली की पहिली उडी हिचीच.

शिरूरला वाचक मेळावा ठरला. आयोजकांनी बोलावलं तेव्हा तिने आपला विषय कळवला, विज्ञान कादंबरीची भाषा. महिनाभर तिने ते भाषण ऐकवून माझं डोकं खाल्लं. वाचक म्हणून आपलं एकदा कुणीतरी ऐकावं, एवढीच तिची हौस होती.

माझ्या स्कूटीवरून न्हावऱ्यामार्गे गेलो. ललिता बौद्ध आहे, हे आयोजकांना ठाऊक होतं. बाकी काही माहीत करून घ्यायची गरज त्यांना वाटली नसावी. तिचं नाव पुकारताना अध्यक्ष सर्जेराव माईकवरच म्हणाले, "ताई, ते यानबिन राहू द्या. तुम्ही भोगलेलं सांगा. लोकांना ते भिडतं."

माझं डोकं सणकलं. ललिताचे वडील रेल्वेत होते, ती क्वार्टरमध्ये वाढली, नव्या सायकलवर शाळेत गेली. अपमान तिच्याही वाट्याला आले, नाही असं नाही, पण ते सांगायला ती आली नव्हती. तिने हातातल्या भाषणाच्या कागदांची घडी घातली. मग बोलायला लागली. पाणवठ्यावर ताटकळणं, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी, पदरात घेतलेलं शिळं अन्न. सगळं खरं होतं, पण तिच्या आजीचं. माणसं डोळे पुसत होती. शाल मिळाली, नारळ मिळाला. यानाचं कुणी नाव काढलं नाही.

परतताना न्हावऱ्यात चहाला थांबलो. मी चिडूनच विचारलं, "तुझं भाषण का नाही केलंस गं?"

तिने शाल डिकीत कोंबली. "आजीला विकून आले मी," ती म्हणाली. "बोलाय गेले व्हते तीनशे वर्सं पुढचं. त्यांनी आजीच्या पाणवठ्यावर नेऊन उभं केलं. आन् मी उभी बी राहिले."