चालू म्हणजे थांब

१४ मे २०१९, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. क्रेन थांबवली की आधी घड्याळ पाहायचे, ही माझी जुनी सवय. म्हणून वेळ नेमकी आठवते.

सोलापूरच्या दक्षिण टोकाला अकरा मजली इमारतीचे काम चालले होते. तेथे मी सुरक्षा अधिकारी होतो. वय चौसष्ट. टॉवर क्रेनच्या केबिनमधून इमारतीची मागची बाजू दिसत नाही. तिकडे ओझे उतरवताना ऑपरेटरला सिग्नलमन सांगेल तेवढेच कळते. पूर्वी मधल्या मजल्यावर आणखी एक माणूस उभा करून आम्ही हाताच्या खुणा वरपर्यंत पोचवत असू. त्या आठवड्यात वॉकीटॉकी आले. ते मीच वाटले. बॅटरी कशी बदलायची हे शिकवले. बोलायचे काय, हे ठरवून दिले नाही.

ऑपरेटर बार्शीजवळच्या वैरागचा. सिग्नलमन शहराच्या पूर्व भागातला. वीस वर्षे माग चालवलेला, माग भंगारात गेल्यावर बांधकामावर आलेला. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

त्या सकाळी सळयांचा जुडगा सहाव्या मजल्यावर मागच्या बाजूला उतरत होता. सळईकाम करणाऱ्या मिस्त्रीने दूर उभे राहायचे होते. तो विसरलेला जेवणाचा डबा उचलायला ओझ्याखाली वाकला. सिग्नलमनने ते पाहिले आणि ओरडला, “चालू! चालू! चालू!”

जुडगा खाली येतच राहिला.

मी खाली होतो, पण माझ्याही हातात वॉकीटॉकी होता. मी “थांब” म्हणालो. तोवर सळया फरशीला टेकल्या होत्या. मिस्त्रीने उडी मारली होती. कोपर सोलले, बाकी काही नाही. डबा मात्र पार चपटा झाला होता.

मी क्रेनच्या मुख्य स्विचला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. ऑपरेटर आणि सिग्नलमन दोघांना क्रेनच्या पायथ्याशी बोलावले.

“त्यो चालू म्हनला, म्या चालू ठिवलं,” ऑपरेटर म्हणाला. “माजं काय चुकलं, सायेब?”

“अरे भावा, बस म्हणालो की मी!”

“बस कुटं म्हनलास? तीनदा चालू म्हनलास की. समद्यांनी आयकलंय.”

“मग चालू म्हणजे बसच की!” सिग्नलमन म्हणाला, आणि स्वतःचेच बोलणे ऐकून त्याने जीभ चावली.

तेलुगूत ‘चालू’ म्हणजे पुरे. हे मला ठाऊक होते. लहानपणी शेजारच्या घरी जेवायला बसलो की ताटावर आडवा हात धरून मीही तेच म्हणत असे. नाही म्हटले तर वाढतच राहत. तो माणूस दोन वर्षे बांधकामावर उत्तम मराठी बोलत होता. भीती वाटली तेव्हा घरचा शब्द तोंडातून निघाला.

साइट मॅनेजर आला. तिशीतला होता. काम करून घ्यायचे असले की मला काका म्हणे, राग आला की सर.

“काका, रजिस्टरला सिग्नलमनचा निष्काळजीपणा म्हणून लिहून टाका. त्याला घरी पाठवू, दुपारी क्रेन सुरू करू.”

तशी नोंद झाली असती तर त्या माणसाला शहरातल्या कोणत्याही बांधकामावर कोणी उभे केले नसते. मागाकडे परतायला माग उरला नव्हता. मी नोंदवही उघडली आणि लिहिले: शब्द ठरवून न देता वॉकीटॉकी वाटले. चूक सुरक्षा अधिकाऱ्याची. खाली सही केली.

“सर, हे पान फाडा.”

“पानांवर क्रमांक आहेत.”

“वरचे साहेब विचारतील, जबाबदार कोण. मी काय सांगू?”

“माझे नाव सांगा. स्पेलिंग लिहून देतो.”

तो गेला. मी तीन शब्द ठरवले: उचल, उतरव, थांब. सिग्नलमनने ते दुपारभर घोकले. चार वाजता तो पाठमोरा असताना मी त्याच्यामागे पत्र्याचा तुकडा फरशीवर आपटला.

“चालू!” तो किंचाळला.

मग खाली बसला. “जीभच तशी आहे, साहेब. काढून टाका मला.”

“पाणी पी,” मी म्हणालो.

मॅनेजर साइट ऑफिसच्या दाराशी उभा राहून हे पाहत होता. “बघितलंत, सर? दुसरा माणूस ठेवा. सोपं आहे.”

“दुसरा कोठला आणणार? या शहरात कोणी घरी तेलुगू बोलतो, कोणी कन्नड. तोही घाबरेल.”

“मग करायचं काय?”

“याची जीभ बदलणे माझ्या हातात नाही. ऑपरेटरचे कान आहेत. आजपासून या क्रेनवर चालू म्हणजे थांब. आणि सिग्नलमन बोलत असेल तोवरच हूक हलेल. आवाज तुटला की थांबायचे.”

“लोक हसतील, सर.”

“हसू देत. तोच सिग्नलमन राहणार असेल तर किल्ली देतो. नाहीतर क्रेन बंद राहील.”

त्याने माझ्या खिशाकडे पाहिले. “उद्या सकाळी सळया वर गेल्या पाहिजेत, काका,” एवढेच म्हणाला.

मी कुलूप काढले. ऑपरेटर वर चढला. रिकामा हूक मागच्या बाजूला उतरू लागला. सिग्नलमन सांगत होता, “उतरव, उतरव, उतरव.” त्याच्यामागे पत्रा घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्रीला मी डोळ्याने खुणावले. त्याने पत्रा आपटला. सकाळच्या डब्याचा राग त्यात असावा.

“चालू!”

हूक जागच्या जागी थांबला.

“आता कसं?” वॉकीटॉकीवर ऑपरेटरचा आवाज आला. “तुज्या घरी जेवाया आलो तरी चालू म्हनायची चोरी व्हनार न्हाय मला!”

सिग्नलमन हसला नाही. त्याने वॉकीटॉकी छातीशी धरला होता.

साडेसहाला काम संपले. ऑपरेटरने हूक वर घेतला आणि क्रेनचा आडवा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरावा म्हणून फिरण्याचा ब्रेक सोडला. तो उतरेपर्यंत मी त्याच पत्र्यावर लाल रंगाने चार शब्द लिहिले होते: उचल, उतरव, थांब, चालू. शेवटच्या दोहोंभोवती एकच चौकट काढली. रंग वाळल्यावर पत्रा क्रेनच्या शिडीच्या तोंडाशी तारेने बांधला आणि कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून तारेची टोके आत वळवली.