के. आर. पुरमचे पाळक

उजव्या हाताची तर्जनी कानापर्यंत वर जायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि मग ते वाक्य यायचं, "मूळ ग्रीकमध्ये तसं नाही." समोर कोण आहे याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नसे. विद्यार्थी असो, बिशप असो, की दुधात पाणी घालणारा मुनियप्पा असो. मुनियप्पानं एकदा देवाची शपथ घेऊन सांगितलं की पाण्याचा थेंबही घातलेला नाही. त्यावर त्या गरिबाला फाटकात उभं राहून शपथ या शब्दाचा ग्रीक अर्थ ऐकावा लागला. दूध दुसऱ्या दिवशीही तसंच पातळ आलं.

असा एखादा विद्वान तुमच्याही पाहण्यात असेल. मला तो नोकरीतच लाभला. पन्नासच्या दशकात आम्ही बेळगावहून बंगलोरला आलो. ह्यांना विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला टायपिंग येत होतं. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला लूथरन पंथाची एक सेमिनरी होती, म्हणजे पाळक, ख्रिस्ती धर्मगुरू, तयार करायचं कॉलेज. तिथे टायपिस्ट हवी होती. सासूबाईंनी बजावलं होतं की किरिस्तावांकडे पाणीसुद्धा पिऊ नकोस. पहिल्याच दिवशी मी दोन पेले प्याले, कारण प्रोफेसरसाहेबांनी मजकूर सांगायला सुरुवात केली ती दुपारपर्यंत थांबवलीच नाही.

ते मूळचे धारवाडकडचे. घरची भाषा कन्नड, पण मराठी शाळेतून शिकलेले, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलत. "बाई, हे स्वल्प नीट बघा की," असं म्हणून कागद परत देत. मिशनच्या शाळेत हुशार निघाले, मिशननं जर्मनीला पाठवलं. तिथून ते डॉक्टरेट, एक काळी हॅट आणि पोटाची कायमची तक्रार घेऊन परतले. हॅट ते बंगलोरच्या उन्हातही घालत. तक्रार वर्गात सांगत. आणि डॉक्टरेट ते सगळीकडेच सोबत नेत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

त्यांचा एक मोठा ग्रंथ चालू होता. प्रेषित पौलाच्या एका पत्रावरची टीका. या ग्रंथाचा पहिला अध्याय मी इतक्या वेळा टाइप केला की टाइपरायटरच्या फिती संपल्या, अध्याय संपला नाही. पत्राच्या सुरुवातीला पौल मंडळीची खुशाली विचारतो, नमस्कार सांगतो. माझ्या सगळ्या नोकरीत पौलाचा हा नमस्कार-चमत्कारच चालू होता. मुद्द्यावर तो बिचारा कधी आलाच नाही.

रायचूरकडच्या एका विद्यार्थ्याची आई आजारी पडली. त्यानं रजेच्या अर्जात शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, आईबापांना मान देण्याचं वचन लिहिलं. अर्ज परत आला, तो लाल शाईनं रंगून. वचनाचं भाषांतर सदोष होतं म्हणे. मुलानं वचन सुधारून पुन्हा अर्ज केला, तेव्हा रजा मिळाली. आई तोवर बरी झाली होती, हे तिचं नशीब. साहेबांना मात्र ते शेवटपर्यंत आपल्या शिकवण्याचं उत्तम उदाहरण वाटत राहिलं.

त्यांच्या पत्नी मिरजेच्या. सेमिनरीत सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. साहेब घरात नसले की मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसे आणि आम्ही पोटभर मराठी बोलत असू. साहेबांबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. चांगलंही बोलल्या नाहीत. विषय निघाला की त्या भाजी जास्त बारीक चिरू लागत.

सेमिनरीतल्या प्रत्येक प्राध्यापकाकडे एक लहान मंडळी, म्हणजे एका देवळाचे भाविक, सोपवलेली असे. साहेबांच्या वाट्याला बंगलोरच्या वेशीवरच्या के. आर. पुरमची मंडळी आली होती. रेल्वेच्या क्वार्टर्सजवळ पत्र्याचं छप्पर असलेलं देऊळ होतं, आणि त्यात दर रविवारी गँगमन, पॉइंट्समन, त्यांच्या बायका आणि मुलं जमत. कुतूहल म्हणून मी एकदा अक्कांबरोबर गेले होते. प्रवचनात तीन भाषा होत्या आणि श्रोत्यांना त्यातली एकच येत होती. मालगाडी आली की साहेब वाक्य अर्ध्यावर तोडत, शेवटचा डबा जाईपर्यंत बोट वर धरून उभे राहत, आणि मग ते वाक्य पहिल्यापासून सुरू करत. मुलं झोपली, बायका झोपल्या. बाहेर पडताना मी चिन्नप्पांना, म्हणजे मंडळीतल्या एका निवृत्त गार्डांना, विचारलं की तुम्हाला काय समजलं. ते म्हणाले, समजलं काही नाही अम्मा, पण आमच्यासारख्यांसाठी एवढा मोठा माणूस एवढं बोलतो, हे काय कमी आहे?

मला ते कमीच वाटलं होतं.

त्या मंडळीत देवय्या नावाचा एक गँगमन, रुळांची देखभाल करणारा कामगार, होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचं तान्हं बाळ तापानं गेलं आणि त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी त्याची बायको रत्नम्मा क्वार्टर्समागच्या विहिरीत सापडली. पाणी आणायला गेली होती. घागर काठावर होती. पोलिसांनी पंचनामा करून अपघात म्हणून लिहिलं आणि ते निघून गेले.

चिन्नप्पा आणि देवय्या दफनविधीसाठी साहेबांना बोलवायला सेमिनरीत आले. मी माझ्या टेबलाशीच होते. साहेबांनी दोघांनाही बसायला सांगितलं नाही. जुन्या जर्मन मिशनऱ्यांच्या काळची एक नियमावली होती, ती त्यांनी कपाटातून काढली. आत्महत्या केलेल्याला मंडळीचा विधी मिळत नाही, असा तिच्यात नियम होता. तो कुणी पाळत नव्हतं. बाकीचे पाळक अशा वेळी चष्मा विसरत.

चिन्नप्पांनी पोलिसांचं म्हणणं सांगितलं. साहेब म्हणाले, सरकारचं सरकारपाशी. मग देवय्याकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "पडली की उडी मारली?"

"मी ड्यूटीवर होतो, अय्या. बघितलं नाही."

"तुला काय वाटतं?"

चिन्नप्पांनी देवय्याच्या कोपराला हात लावला. एक शब्द बोलायचा होता, पडली. मी आयुष्यात कुणासाठी इतक्या मनापासून खोटेपणाची प्रार्थना केली नसेल.

"बाळ गेल्यापासून ती गप्प होती," तो म्हणाला. "मला ठाऊक नाही, अय्या. ठाऊक नाही ते देवासमोर कसं सांगू?"

"मग मला येता येणार नाही," साहेब म्हणाले आणि नियमावली कपाटात ठेवून त्यांनी कपाट लावलं.

रत्नम्माला त्याच संध्याकाळी पुरलं. चिन्नप्पांनी शास्त्रातलं एक स्तोत्र वाचलं. सेमिनरीतून एकट्या अक्का गेल्या होत्या. कुठे निघालीस असं साहेबांनी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ताजेतवाने होऊन आले आणि एका मासिकासाठी लेख सांगू लागले. विषय होता मंडळीतली शिस्त. दुसऱ्याच परिच्छेदात एका रेल्वे कामगाराच्या कुटुंबात नुकताच घडलेला बोधप्रद प्रसंग आला. बोधप्रद हा शब्द मी अर्धा टाइप केला आणि हात मांडीवर ठेवले.

"हे मी टाइप करणार नाही."

"बाई, हा शास्त्राचा विषय आहे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"शास्त्रातलं नाही कळत. त्या माणसाचं तोंड मी काल बघितलंय."

टाइपरायटर स्वतःच बोलला असावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काढून टाकलं असतं. पण त्यांचं अक्षर वाचता येणारी सगळ्या बंगलोरमध्ये मी एकटीच होते. लेख त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केला.

आता तुम्हाला वाटेल की त्या लेखावरून त्यांची छी-थू झाली. तसं काही झालं नाही. लेख गाजला. तत्त्वाला चिकटून राहणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं, दोन समित्यांवर नेमणूक झाली, आणि पुढच्या जूनमध्ये ते प्राचार्य झाले. सत्काराला हार मीच आणला. ऑफिसचं कामच होतं ते. हार घालून घ्यायला मान कितपत वाकवायची, याचाही त्यांनी अभ्यास केलेला दिसला.

के. आर. पुरमच्या लोकांनी तक्रार केली नाही. ते फक्त यायचे थांबले. रविवारी सकाळी ते चिन्नप्पांच्या ओट्यावर बसून प्रार्थना करू लागले. देवळात झाडूवाला, पगारी हार्मोनियमवाला आणि अक्का एवढेच उरले. साहेबांनी प्रवचन एका मिनिटानंही कमी केलं नाही. मालगाडीसाठी थांबणंही सोडलं नाही. रिकाम्या बाकांसमोर बोट वर धरून उभा असलेला तो माणूस डोळ्यांपुढे आणा. मला अजून हसू येतं, आणि ते पुरतं येत नाही.

मग एका रविवारी अक्काही गेल्या नाहीत. त्यांनी हे मला भाजी चिरता चिरता सांगितलं. बसमधून दोघं उतरले. रेल्वे फाटकाशी साहेब पुढे गेले, अक्का मागेच थांबल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. फाटक पडलं. ते पलीकडे, मी अलीकडे. गाडी गेल्यावर त्यांनी वळून बघितलं, तोवर मी क्वार्टर्सकडे चालायला लागले होते."

त्यानंतर अक्का दर रविवारी तिकडेच जात. बायकांना शिवण शिकवत, देवय्याच्या चुलीवर काहीतरी ठेवून येत. एकदा देवय्याला ताप होता म्हणून त्यांनी मलाही बरोबर नेलं. आम्ही त्याला पेज देत होतो आणि दारात सावली पडली. पांढरा झगा, काखेत शास्त्र, बुटांवर खडीची धूळ. साहेब.

देवय्या खाटेवरून उठून उभा राहिला. साहेबांनी घसा साफ केला. ते म्हणाले की ते प्रार्थना करायला आले आहेत, त्याच्या बायकोच्या कबरीपाशी, त्याची हरकत नसेल तर.

"बेड, अय्या," देवय्या म्हणाला. नको. त्यात राग नव्हता. "ते झालंय. चिन्नप्पांनी केलं. तुम्ही बसा, कॉफी घेऊन जा."

घरातली एकुलती खुर्ची त्यानं स्वतः पुढे सरकवली. साहेब बसले. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होते, पण नुसते बसलेले पहिल्यांदाच पाहिले. कॉफी आली, ते ती प्याले, पेला कुठे ठेवावा हे न कळून त्यांनी हातातच धरून ठेवला. मग ते अक्कांना म्हणाले, "निघायचं?"

"तुम्ही व्हा पुढं," अक्का म्हणाल्या. "मी संध्याकाळच्या बसनं येते."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला एक अर्ज सांगितला. कॉलेजचं काम वाढल्यामुळे के. आर. पुरमची मंडळी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. देवय्याकडून सत्याचा शब्द न् शब्द मागणाऱ्या माणसाला आपलं हे वाक्य खटकलं नाही. हा अर्ज मी बिनतक्रार टाइप केला. त्यांच्या हयातीत माझ्या हातून पूर्ण झालेला त्यांचा तोच एक चांगला मजकूर.

साठच्या दशकाच्या मध्यावर, प्राचार्य असतानाच, साहेब जेवून आरामखुर्चीत बसले आणि उठले नाहीत. अंत्यविधीला बिशप आले, बाहेरगावचे पाहुणे आले. भाषणं कन्नडमध्ये झाली, इंग्रजीत झाली, एक जर्मनमध्येही झालं. त्यांनी आयुष्यात कधी तडजोड केली नाही, असं प्रत्येकानं सांगितलं. अक्का पुढच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या आणि समोरच्या झाडाकडे बघत होत्या.

के. आर. पुरमचे लोक आले होते. दफनभूमीच्या भिंतीलगत चिन्नप्पा, देवय्या आणि आणखी काही जण उभे होते. मी देवय्याजवळ गेले. मला राहवलं नाही, मी विचारलं की तू कशाला आलास.

"अक्कांनी निरोप धाडला होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि माणसानं एकट्यानं जाऊ नये, अम्मा."

मूठमूठ माती टाकून पाहुणे चहाकडे वळले. खड्डा भरणारी माणसं रोजंदारीवरची होती, त्यांनी माती घाईघाईनं लोटली आणि ती एका बाजूला उंच, एका बाजूला खोल अशीच राहिली. देवय्या पुढे झाला. त्यानं त्यांच्यातल्या एकाच्या हातातून फावडं घेतलं, माती सारखी केली आणि रुळांखालची खडी बसवावी तशी ती चारी बाजूंनी ठोकून ठोकून घट्ट केली. मग फावड्याचं पातं गवतावर पुसलं आणि ज्याचं होतं त्याला परत दिलं.